वर्ध्याचा सातबारा आणि मेमरीचे धुरे

1988-89 या आर्थिक वर्षात केंद्र सरकारनं जमिनीचे अभिलेख संगणकावर आणायचं ठरवलं, तेव्हा सगळ्या देशातून फक्त आठ जिल्हे निवडले. आंध्रातलं रंगारेड्डी, आसामातलं सोनितपूर, तेव्हाच्या बिहारमधलं सिंगभूम, गुजरातचं गांधीनगर, मध्य प्रदेशातलं मोरेना, ओरिसातलं मयूरभंज, राजस्थानातलं डुंगरपूर आणि महाराष्ट्रातून वर्धा. खर्च शंभर टक्के केंद्राचा, तांत्रिक बाजू नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरची, म्हणजे एनआयसीची. पुणे नाही, मुंबई नाही, नागपूरही नाही. कापसाच्या आणि जिनिंगच्या, सेवाग्राम-पवनारच्या या जिल्ह्याचा सातबारा राज्यात सगळ्यांच्या आधी संगणकाच्या दारात जाऊन उभा राहिला.

या योजनेचा इतिहास सांगताना आपण शासननिर्णय, निधी आणि टक्केवारी यांच्यापाशीच थांबतो. मला त्याखालचा थर महत्त्वाचा वाटतो. नोंद संगणकात गेली म्हणजे नेमकी कुठे गेली? एरवी ती डिस्कवर पडून असते; पण वाचायची, बदलायची, छापायची झाली की तिला मेमरीत यावं लागतं. मेमरीतल्या कुठल्या जागेवर कुणी लिहायचं हे ठरवणारा, संगणकाच्या तळाशी बसलेला प्रोग्रॅम म्हणजे कर्नेल. तो ढिला असेल तर वरचे पासवर्ड, शिक्के, सह्या सगळं व्यर्थ. वर्ध्यातल्या कास्तकाराच्या वावराची नोंद गेली साडेतीन दशकं या तळाशी बांधलेली आहे. म्हणून ही हकीकत तळाकडूनच सांगायला हवी.

वर्धा जिल्हा 1862 साली नागपुरातून वेगळा निघाला. इथे मालगुजारी होती. मालगुजार गावाचा सारा सरकारात भरायचा आणि गावाचा मालक म्हणून वागायचा. पटवारी खसरा लिहायचा. मालगुजारी 1951 मध्ये संपली. त्याच वर्षी पवनारहून पायी निघालेल्या विनोबांनी तेलंगणात पोचमपल्लीला भूदान सुरू केलं. वर्धा त्या वेळी मध्य प्रदेशात होतं, म्हणून इथल्या भूदान जमिनींना 1953 चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा लागला. 1956 मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात, आणि 1966 च्या जमीन महसूल संहितेनंतर इथेही सातबारा रुळला. एकाच वावराची नोंद एका पिढीच्या हयातीत इतक्या राजवटींच्या कागदांतून फिरली. संगणकात चढवायचा होता तो असा कागद.

त्या कागदाला संरक्षण होतं आणि ते कुलपात कमी, कामाच्या पद्धतीत जास्त होतं. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली की पटवारी आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद धरायचा. सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक पेन्सिलीनं लिहायचा. संबंधितांना नोटिसा जायच्या, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवायचे. मग मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करायचा, आणि तेव्हा कुठे पेन्सिलीवर शाई फिरायची. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. संहितेचं कलम 157 सांगतं की अधिकार अभिलेखातली प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. नोंदीला एवढं वजन द्यायचं तर शाईचा हक्क एकाच हातात ठेवून चालणार नाही, हे पद्धत बसवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ही पद्धत मोडलीही जायची. खाडाखोड व्हायची, पानं गहाळ व्हायची, तहसिलीत तक्रारींना तोटा नसायचा. पण खाडाखोड डोळ्यांना दिसायची. शाईचा रंग, अक्षराचं वळण, पानावरचा डाग हे सगळे साक्षीदार होते.

आता 1988 चा पीसी बघा. देशातल्या कचेऱ्यांत तेव्हा पोचणारे बहुतेक पीसी डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत, आणि डॉसची सगळी मांडणी 1978 च्या इंटेल 8086 या चिपच्या मापाची होती. दहा लाखांहून थोडे जास्त पत्ते, त्यातले 640 किलोबाइट प्रोग्रॅमांच्या वाट्याला. या सगळ्या जागेत एकही धुरा, म्हणजे बांध, नव्हता. कुठलाही प्रोग्रॅम कुठल्याही पत्त्यावर लिहू शकत असे, खुद्द डॉस ज्या जागेत बसलेलं असे तिथेसुद्धा. मेमरीचे अगदी पहिले 1,024 बाइट म्हणजे चार-चार बाइटांच्या 256 पत्त्यांची यादी. कळ दाबली गेली तर कुठल्या कोडकडे जायचं, डिस्क वाचायची तर कुठे जायचं, हे त्या यादीत लिहिलेलं. त्यातला एक पत्ता बदलला की संगणकावरचं डिस्कचं प्रत्येक वाचन तुमच्या हातून जाणार. अडवायला कुणी बसलेलंच नव्हतं.

हे नुसतं पुस्तकी भय नव्हतं. 1986 मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन हा व्हायरस फ्लॉप्यांवरून जगभर फिरत होता. तो फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरात बसायचा, मेमरीत शिरून डिस्क वाचण्याचा पत्ता स्वतःकडे वळवून घ्यायचा, आणि कुणी तो पहिला सेक्टर तपासायला गेलं की बाजूला जपून ठेवलेला मूळ, निरोगी सेक्टर समोर धरायचा. जमिनीच्या अभिलेखाच्या बाजूनं याचा विचार केला तर अंगावर काटा येतो. पडद्यावर दिसतं ते डिस्कवर असेलच याची हमी नाही, आणि कुठे खाडाखोडीचा डागही नाही. ज्या नोंदीवर कायद्यानं खरेपणाचं गृहीतक ठेवलं, ती ठेवायला त्या काळचा डॉसवरचा पीसी लायक नव्हता असं माझं स्पष्ट मत आहे. निवड करणाऱ्यांना दोष द्यावा असं मात्र नाही. त्या पैशांत मिळणारं यंत्र ते होतं.

उपाय तयार होता आणि तो जुनाच होता. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकानं 1962 मध्ये मेमरी पानांमध्ये वाटून दाखवली होती. अमेरिकेत 1965 च्या सुमारास सुरू झालेल्या मल्टिक्स प्रकल्पानं अधिकारांची कडी आखली: सगळ्यात आतल्या कड्यात कर्नेल, बाहेरच्या कड्यांत बाकीचे प्रोग्रॅम. इंटेलनं 1982 च्या 286 चिपमध्ये कडी आणली आणि 1985 च्या 386 मध्ये पानं. डॉसनं ती वापरली नाहीत, युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमनं वापरली.

386 चं एक पान 4,096 बाइटांचं, आणि प्रत्येक पानामागे 32 बिटांची एक नोंद. ज्यानं सातबारा वाचला आहे त्याला ही नोंद परकी वाटायची नाही. वरचे 20 बिट सांगतात की पान खऱ्या मेमरीत कुठे आहे. हा झाला गट क्रमांक. हक्कांचे बिट खालच्या 12 मध्ये. एक बिट सांगतो की पान हजर आहे की नाही. त्याच्या शेजारचा सांगतो की पानावर लिहिता येतं की ते फक्त वाचण्यापुरतं आहे. तिसरा सांगतो की साध्या प्रोग्रॅमला त्याला हात लावता येतो की ते कर्नेलसाठी राखीव आहे. भोगवटादार वर्ग-1 आणि वर्ग-2 यांच्यातला फरक असाच असतो: जमीन दोघांच्याही ताब्यात, पण दुसऱ्याला परवानगीशिवाय ती हस्तांतरित करता येत नाही. भूदानात मिळालेल्या वावरालाही हेच बंधन. आणखी दोन बिट नोंदवून ठेवतात की पान कुणी उघडलं का आणि त्यावर काही लिहिलं गेलं का. प्रत्येक प्रोग्रॅमला अशा नोंदींचा स्वतःचा तक्ता मिळतो आणि त्या तक्त्यात फेरफार करण्याचा अधिकार एकट्या कर्नेलचा. प्रोग्रॅमनं धुरा ओलांडला की चिप जागच्या जागी काम थांबवते, कर्नेलला हाक मारते आणि कर्नेल सहसा त्या प्रोग्रॅमला बंद करून टाकतो. पटवारी आणि मंडळ अधिकारी यांच्यातली कामाची वाटणी इथे सिलिकॉनमध्ये कोरलेली होती.

कोरताना एक जागा मात्र सुटली. 386 वर ‘फक्त वाचा’ हा शेरा साध्या प्रोग्रॅमपुरता पाळला जाई. कर्नेल स्वतः लिहायला गेला तर चिप तो शेरा बघतच नसे. कर्नेल विश्वासातला, मग बिघडलं कुठे असं वाटेल. पण प्रोग्रॅम कर्नेललाच सांगू शकतो की ही फाइल वाच आणि तिचा मजकूर अमुक पत्त्यावर ठेव, आणि पत्ता द्यायचा तो लिहायला बंदी असलेल्या पानाचा. म्हणजे आपल्याला नसलेला हक्क अधिकाऱ्याच्या हातून वसूल करायचा. 1989 च्या 486 चिपमध्ये इंटेलनं एक बिट वाढवून ही फट बुजवली. 386 साठी कर्नेल लिहिणाऱ्यांना मात्र लिहिण्याआधी पानाचा शेरा स्वतः तपासण्याचा जादा कोड बाळगावा लागला. लिनक्स या कर्नेलचा जन्म 1991 मध्ये 386 वरच झाला. त्यातून हे ओझं उतरलं ते 2012 च्या डिसेंबरात 386 ला असलेला आधारच काढून टाकला तेव्हा. ही फट विसरू नये, कारण वेगळ्या रूपात ती पुन्हा भेटणार आहे.

वर्ध्याची निवड झाली त्याच आर्थिक वर्षात, 2 नोव्हेंबर 1988 ला, कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस यानं सोडलेला वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, अमेरिकेतल्या संगणकांच्या जाळ्यात पसरला. अंदाजे 6,000 यंत्रं त्याच्या तावडीत सापडली असं तेव्हा धरलं गेलं. त्याच्या वाटांपैकी एक वाट युनिक्समधल्या फिंगर नावाच्या छोट्या सेवेतून जात होती. त्या सेवेनं येणाऱ्या ओळीसाठी 512 बाइट जागा ठेवली होती आणि ओळ किती लांब आहे हे न विचारताच ती भरून घेत होती. वर्मनं 536 बाइट पाठवले. जादा 24 बाइट शेजारच्या जागेत सांडले, आणि काम संपल्यावर प्रोग्रॅमनं परत कुठे जायचं तो पत्ता तिथेच लिहिलेला होता. पत्ता बदलला, आणि प्रोग्रॅम परतला तो पाठवलेल्या मजकुरावरच, तो मजकूर आज्ञा समजून चालवायला.

इथे दोन वावरांमधला धुरा कुणी मोडला नव्हता. ती यंत्रं युनिक्सवर चालत होती, पानांचे हक्क शाबूत होते. गफलत एकाच प्रोग्रॅमच्या वावरात झाली होती, आणि पानावरचा मजकूर ही नुसती माहिती आहे की चालवण्याच्या आज्ञा आहेत, हा भेद पानाच्या नोंदीत कुठे लिहिलेलाच नव्हता. तो लिहिणारा बिट सर्वसामान्य पीसीपर्यंत यायला आणखी पंधरा वर्षं जायची होती.

आपल्याकडे तोवर वेगळीच अडचण होती. सातबारा मराठीत आणि संगणक इंग्रजीत. मार्च 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. आयआयटी कानपूरमध्ये घडलेलं जिस्ट हे तंत्र मोहन तांबे यांच्यासोबत तिथे आलं. जिस्टचं कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्रॅम देवनागरीत बोलू लागत. त्यामागचा अक्षरसंकेत इस्की, जो 1991 मध्ये आयएस 13194 या क्रमांकानं भारतीय मानक झाला. एका बाइटात 256 जागा. खालच्या 128 इंग्रजीच्या, वरच्या 128 मध्ये भारतीय लिपी. या कामाचं मोल फार मोठं आहे. त्याशिवाय वर्ध्याचा प्रयोग रोमन लिपीत अडकून पडला असता.

पण मराठी नाव मेमरीत किती जागा घेतं, हा हिशेब इंग्रजीच्या सवयीनं करून चालत नाही. पडद्यावर चार अक्षरांत बसणारं ‘ज्ञानेश्वर’ हे नाव इस्कीत दहा बाइट घेतं: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. त्यापुढे वडिलांचं नाव, मग आडनाव, आणि सामाईक खातं असेल तर सगळ्या भावांची आणि बहिणींची नावं. रकाना आखूड ठरला आणि प्रोग्रॅमनं माप तपासलं तर नाव मध्येच कापलं जाणार. माप तपासलं नाही तर मजकूर शेजारच्या जागेत सांडणार. फिंगरच्या 24 बाइटांची आणि या कापलेल्या आडनावाची जात एकच. पहिल्यातून वर्म शिरतो आणि दुसऱ्यातून वारसाचं नाव निसटतं.

विजेचा प्रश्न निराळा. डीबेस या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅमची आणि त्याच्या भावंडांची त्या काळी कचेऱ्यांत चलती होती. त्यांच्या फाइलीच्या सुरुवातीलाच, चार बाइटांत, एकूण नोंदी किती हा आकडा असतो. दिवसभर नोंदी चढवाव्यात आणि फाइल रीतसर बंद होण्याआधी वीज जावी, तर नोंदी डिस्कवर पोचलेल्या असल्या तरी तो आकडा मेमरीतच विरून गेलेला असे. पुढच्या वेळी प्रोग्रॅम जुन्या आकड्यावर विश्वास ठेवून तेवढ्याच नोंदी वाचणार. विदर्भातल्या उन्हाळ्यात त्या काळी वीज किती वेळा जायची हे इथल्या माणसाला सांगायला नको.

योजना पसरत गेली. 1991-92 पर्यंत 24 जिल्हे, आठवी पंचवार्षिक योजना संपेपर्यंत 323 जिल्हे, एकूण खर्च 64.44 कोटी रुपये. तहसील पातळीवर ती खऱ्या अर्थानं उतरवायला 1997-98 उजाडलं. म्हणजे वर्ध्यासारख्या पहिल्या जिल्ह्यांनाही नऊ-दहा वर्षं वाट पाहावी लागली, कारण कास्तकाराला उतारा लागतो तो गावात नाहीतर तालुक्याला, जिल्ह्याच्या ठिकाणच्या संगणक कक्षात नव्हे. शिवाय कागदावरचे फेरफार कुणासाठी थांबत नव्हते. चढवलेली नोंद तपासून होईतो मूळ पान बदललेलं असे. 2008 मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा कार्यक्रम आला, 2016 मध्ये त्याच्या नावात डिजिटल इंडिया जोडलं गेलं.

मधल्या काळात कचेऱ्यांतला संगणक डॉसवरून विंडोज 95 आणि 98 वर गेला. त्यांत पानांचं संरक्षण होतं, पण जुन्या डॉस प्रोग्रॅमांसाठी ठेवलेल्या पळवाटांसह. खरा कर्नेल म्हणावा असा विंडोज एनटीचा गाभा सामान्य टेबलांवर पोचला तो 2001 च्या विंडोज एक्सपीबरोबर. एएमडीच्या 2003 मधल्या 64 बिटांच्या चिपनं पानाच्या नोंदीत ‘इथला मजकूर चालवायचा नाही’ हा बिट आणला, आणि ऑगस्ट 2004 मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनं तो वापरायला घेतला. लिनक्सच्या जगात पॅक्स नावाच्या प्रकल्पानं 2000-01 मध्येच, तसा बिट नसलेल्या चिपवर, हे साधून दाखवलं होतं आणि प्रोग्रॅमांचे पत्ते दर वेळी हलवत ठेवण्याची युक्तीही आणली होती. मॉरिसच्या वर्मची सरळ वाट इथे बंद झाली, पण आडवाटा उरल्याच.

मे 2017 मध्ये महाराष्ट्रभर सातबाऱ्यांच्या चावडी वाचनाची मोहीम चालली होती. संगणकात चढलेला उतारा गावासमोर मोठ्यानं वाचायचा, हरकती घ्यायच्या, हस्तलिखिताशी जुळवून चुका काढायच्या. या सगळ्या हकीकतीतलं मला सर्वांत आवडणारं पाऊल हेच. यंत्रातल्या नोंदीला साक्षीदार परत मिळाले. त्याच महिन्यात, 12 तारखेला, वॉनाक्राय हा खंडणीखोर वर्म जगभर सुटला. त्यानं गाठलेली फट विंडोजच्या कर्नेलमध्ये होती, फाइली वाटून घेण्याच्या सेवेच्या ड्रायव्हरमध्ये. एका यादीचा आकार 32 बिटांच्या आकड्यात ठेवला होता. तो दुरुस्त करताना कोडनं खालचे 16 बिट तेवढे बदलले आणि वरचे 16 जसेच्या तसे राहू दिले. सातबाऱ्यावर क्षेत्र दुरुस्त करताना आर बदलावेत आणि हेक्टर तसेच राहावेत, अशी ही चूक. जागा मोजली एका आकड्यानं, मजकूर भरला दुसऱ्यानं, आणि जादा मजकूर कर्नेलच्या खास मेमरीत शेजाऱ्याच्या वावरात शिरला. कर्नेलमध्येच शिरल्यावर अडवणारा कुणी उरत नाही. हक्कांची नोंदवहीच हल्लेखोराच्या हातात गेलेली असते.

मायक्रोसॉफ्टनं याची दुरुस्ती 14 मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही त्यांनी ते भोगलं. वॉनाक्रायनंतर सहा आठवड्यांनी, 27 जूनला, नॉटपेट्या हा दुसरा वर्म आला. त्यानं हीच फट वापरली आणि शिवाय संगणकाच्या मेमरीत पडून राहिलेले पासवर्ड उचलून शेजारच्या यंत्रांवर उड्या मारल्या. मर्स्क ही जहाज कंपनी कोलमडली, आणि तिच्याकडे चालवायला असलेलं मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल अडकलं. मेमरीच्या हिशेबातली एक चूक उरणच्या रस्त्यांवर कंटेनरच्या रूपात दिसली.

लिनक्सवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. 2016 च्या ऑक्टोबरात डर्टी काऊ नावानं गाजलेली चूक उघड झाली. दोन प्रोग्रॅम एकच पान वाचत असतील तर कर्नेल त्यांना एकच प्रत देतो, लिहायला बंदी करून. कुणाला लिहायचंच असेल तर त्याच्यापुरती वेगळी प्रत काढून देतो. मूळ पानाला धक्का लागत नाही. फेरफार मंजूर होईपर्यंत शाईच्या नोंदीला हात न लावण्याची रीत ती हीच. चूक अशी होती की कर्नेल प्रत काढून लिहिण्याच्या बेतात असताना त्याच प्रोग्रॅमचा दुसरा धागा सांगू शके, ती प्रत मला नको, टाकून दे. कर्नेल पुन्हा पान शोधायला जाई. लिहिण्याच्या हक्काची तपासणी आता झालेली आहे असं समजून तो मूळ पानावरच शाई फिरवी. साध्या वापरकर्त्याला मूळ व्यवस्थेच्या फाइली बदलता येत, आणि तिथून यंत्राचा पूर्ण ताबा. ही फट कित्येक वर्षं कर्नेलमध्ये होती. लिनक्सचे जनक लिनुस तोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीसोबत लिहून ठेवलं की अकरा वर्षांपूर्वी आपण ती बुजवायचा प्रयत्न केला होता, पण तो नीट नव्हता आणि दुसऱ्या एका जातीच्या यंत्रावर अडचण आल्यामुळे मागे घेतला गेला होता. 386 ची जुनी फट ती हीच: अधिकाऱ्याच्या हातून नसलेला हक्क वापरून घेणं.

महाराष्ट्रात ई-फेरफार आला तेव्हा कागदावरची दोन हातांची रीत संगणकात टिकवली गेली, हे फार चांगलं झालं. तलाठी, म्हणजे आपला पटवारी, नोंद धरतो, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, दोघांच्या डिजिटल सह्या वेगळ्या. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. सहीची गुप्त किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते. टोकन हा स्वतःची मेमरी असलेला चिमुकला संगणक आहे. किल्ली त्यातून बाहेर येत नाही, सही आतच होते. त्यामुळे कचेरीतल्या पीसीची मेमरी कुणी पूर्ण चाळली तरी किल्ली हाती लागत नाही. पण टोकनला पडदा नाही. कशावर सही करतो आहोत हे तलाठ्याला पीसीच्या पडद्यावर दिसतं, आणि पिन त्यानं त्याच पीसीवर टाकलेला असतो. त्या पीसीचा कर्नेल परक्याच्या ताब्यात असेल तर पडद्यावर एक नोंद दाखवून टोकनकडे दुसरी सरकवता येते. ब्रेननं फ्लॉपीच्या बाबतीत 1986 मध्ये केलं ते हेच. म्हणून टोकन दिलं, काम झालं, असं महसूल खात्यानं मानू नये. ज्या यंत्राला ते टोकन लावलं जातं त्याच्या कर्नेलची शेवटची दुरुस्ती कधी बसली आणि ती कुणाच्या जबाबदारीवर, याची नोंद प्रत्येक तालुक्यात फेरफाराइतक्याच काटेकोरपणे ठेवली जायला हवी, आणि ती मागण्याचा हक्क कास्तकाराला हवा.

संरक्षणासाठी बसवलेली वस्तूही कर्नेलमध्ये बसते तेव्हा तीच धोका होऊ शकते. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अद्ययावत फाइलीनं जगातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक एकदम बंद पाडले, आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहायची वेळ आली. कर्नेलमध्ये चालणाऱ्या तिच्या ड्रायव्हरला 20 रकाने दिले होते आणि तो 21 वा रकाना वाचायला गेला. 1988 च्या 536 बाइटांपासून इथपर्यंत चुकीचा पोत फारसा बदललेला नाही. मायक्रोसॉफ्टनं 2019 मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे तिच्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे 70 टक्के मेमरीच्या अशाच गफलतींतून येत होत्या.

याचं मूळ सी या भाषेत आहे. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मेमरीचा कुठलाही पत्ता मोकळेपणानं वापरू देते आणि माप तपासणं त्याच्यावर सोपवते. आजचे बहुतेक मोठे कर्नेल प्रामुख्यानं याच भाषेत लिहिले गेले, कारण ती यंत्राच्या अगदी जवळ जाते आणि वेगवानही आहे. रस्ट या भाषेत जागेचा मालक कोण आणि ती कुणाला किती वेळ उसनी दिली आहे, याचा हिशेब प्रोग्रॅम चालण्याच्या आधी, तो बांधतानाच तपासला जातो. हिशेब चुकला तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. डिसेंबर 2022 मध्ये लिनक्सच्या 6.1 या आवृत्तीत रस्टला पहिल्यांदा जागा मिळाली. अँड्रॉइडनं नवा कोड अशा भाषांत लिहायला घेतला आणि त्याच्या त्रुटींतला मेमरीच्या गफलतींचा वाटा 2019 मधल्या 76 टक्क्यांवरून 2024 मध्ये 24 टक्क्यांवर आला.

हा आकडा वर्ध्याच्या कामाचा आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. गाव नमुना बारा, म्हणजे सातबाऱ्यातला पिकांचा भाग, आता कास्तकार स्वतःच्या फोनवरून भरतो. वावरात उभं राहायचं, कपाशीचा किंवा तुरीचा फोटो काढायचा, ठिकाणासह पाठवायचा. तो फोन अँड्रॉइडचा, म्हणजे तळाशी लिनक्सचा कर्नेल. फोनमधलं प्रत्येक ॲप त्या कर्नेलच्या लेखी वेगळा वापरकर्ता असतो आणि एकाच्या पानांना दुसऱ्याला हात लावता येत नाही. आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूर तालुक्यांतल्या वावरांत सोयाबीनच्या ओळींमध्ये धरलेल्या त्या फोनमध्ये 1985 च्या पानांच्या नोंदीसारखीच नोंद आजही, आणखी बिटांसह, तेच काम करते आहे. पण स्वस्त फोनांना कंपनीकडून दुरुस्त्या मिळतात त्या दोन-तीन वर्षं, आणि फोन त्याहून कितीतरी जास्त वापरला जातो. मुलानं नवा घेतला की जुना बापाकडे येतो आणि पीक पाहणी त्याच्यावर होते. रस्टसारख्या भाषांनी 76 वरून 24 टक्क्यांवर आणलेल्या घटीचा फायदा त्या फोनपर्यंत पोचत नाही. डर्टी काऊसारखी फट उघड झाली तर तिची दुरुस्ती जगात सगळीकडे जाईल आणि नेमकी तिथे जाणार नाही.